मोटर, यंत्र आणि खोलीतली उष्णता : प्रस्तावना

वातानुकूलनाच्या कामात नव्याने आलेल्या अभियंत्यासमोर पहिल्या काही आठवड्यांतच एक साधा दिसणारा प्रश्न उभा राहतो. खोलीत १५ किलोवॉटची मोटर आहे. तिच्यामुळे खोलीत किती उष्णता येईल? तो नेमप्लेट वाचतो, १५ ला ३.५१७ ने भागतो, हीट लोडच्या तक्त्यात सव्वाचार टन लिहितो आणि पुढच्या ओळीकडे वळतो. हे उत्तर कधी बरोबर असते, कधी थोडे कमी पडते आणि कधी जवळजवळ बारापट जास्त असते. यातले काय घडते आहे, हे नुसत्या मोटरकडे पाहून कळत नाही.

नेमप्लेटवरचे १५ किलोवॉट म्हणजे मोटर शाफ्टवर देऊ शकते ती शक्ती. वीज ती याहून जास्त घेते. चार पोलच्या, आयई३ दर्जाच्या अशा मोटरची पूर्ण भारावरची कार्यक्षमता ९२.१ टक्के धरली, तर ती सुमारे १६.३ किलोवॉट वीज खेचते आणि १.३ किलोवॉट स्वतःच्या अंगातच उष्णतेच्या रूपाने सोडते. मोटर आणि तिच्यावर चालणारे यंत्र दोन्ही खोलीत असतील आणि यंत्राचे कामही तिथेच संपत असेल, तर खोलीत १६.३ किलोवॉट, म्हणजे ४.६ टन उष्णता येते. मोटर भिंतीपलीकडे आणि यंत्र अलीकडे असेल, तर आत येतात ते १५ किलोवॉट. मोटर आत आणि पंखा किंवा पंप बाहेर असेल, तर खोलीच्या वाट्याला फक्त १.३ किलोवॉट येतात. टनांत सांगायचे तर ०.३७.

तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. मोटर तीच, तिच्यावरचा भार तोच. बदलली आहे ती भिंतीची जागा. म्हणून या पुस्तकाचा सारा भर एकाच शिस्तीवर आहे. आधी सीमा आखायची, मग त्या सीमेतून ऊर्जा कुठून आत येते आणि कशाच्या अंगाने बाहेर जाते ते लिहून काढायचे, आणि गुणाकार-भागाकार सर्वांत शेवटी करायचा. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा असतो. गुणाकार आधी होतो आणि सीमा कोणीच आखत नाही.

तीन सूत्रे पाठ करून विषय संपत नाही, याचे कारण यंत्रांचे स्वभाव वेगवेगळे आहेत. लेथचे उदाहरण घ्या. स्पिंडलची जवळजवळ सगळी शक्ती धातू कापताना उष्णता होते. ती चिपांत, कुलंटमध्ये, टूलमध्ये आणि जॉबमध्ये वाटली जाते. चिपांचा ढीग यंत्राशेजारीच निवत पडला, तर ती उष्णता शेडमध्येच राहिली. कन्व्हेयरने चिपा गरम असतानाच बाहेर नेल्या, तर तेवढा हिस्सा हिशेबातून वजा होतो. कुलंट बाहेरच्या चिलरमध्ये निवत असेल, तर आणखी एक हिस्सा गेला.

पिठाच्या गिरणीचा हिशेब याहून बोलका आहे. साडेसात किलोवॉटची, म्हणजे दहा अश्वशक्तीची मोटर जाते फिरवते. दाणे भरडताना उष्णता होते आणि ताजे दळण हाताला गरम लागते, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. ताशी १०० किलो पीठ ३० अंशांनी तापून डब्यात पडते असे धरले, तर पिठासोबत सुमारे दीड किलोवॉट उष्णता बाहेर पडते आहे. डबा लगेच घरी गेला, तर ती उष्णताही गेली. डबे दुकानातच ओळीने ठेवले, तर तास-दोन तासांत ती पुन्हा दुकानात उतरते. शिवाय धान्यातला थोडा ओलावा उडून हवेत जातो. तो उडवायला लागलेली उष्णता थर्मामीटरला दिसत नाही, पण आर्द्रतेच्या रूपाने खोलीतच असते. एका छोट्या गाळ्यात संवेद्य उष्णता, गुप्त उष्णता आणि मालासोबत बाहेर जाणारी उष्णता असे तिन्ही प्रकार एकत्र भेटतात. म्हणूनच हे उदाहरण पुस्तकात पुन्हा पुन्हा येते.

पंपाचे तसे नाही. तळटाकीतले पाणी गच्चीवर चढवणाऱ्या पंपाच्या कामाचा मोठा भाग पाण्याच्या उंचीत साठतो आणि खोली सोडून जातो. पंपाच्या आत घर्षणाने होणारी उष्णतासुद्धा बहुतांशी पाण्यासोबतच निघून जाते. पंपघरात उरतात ते मोटरचे नुकसान आणि बेअरिंगची थोडी ऊब. आता तोच पंप थंड पाण्याच्या बंद चक्रात बसवा. पंपाने पाण्याला दिलेली सगळी शक्ती वळणांत, व्हॉल्व्हमध्ये, कॉइलमध्ये घासत अखेर त्याच पाण्यात उष्णता होऊन उतरते. ती खोलीवर नाही, चिलरवर पडते. तक्त्यात तिची जागा वेगळी आहे, पण जागा आहेच, आणि ती विसरली जाते.

एअर हँडलिंग युनिटमधल्या पंख्याचीही अशीच गत होते. १००० पास्कल दाब आणि ६० टक्के कार्यक्षमता धरली, तर पंख्यातून जाताना हवा सुमारे १.४ अंशांनी तापते. मोटरही त्याच प्रवाहात असेल, तर दीड अंशाने. कॉइलवर मेहनतीने बारा अंश खाली आणलेल्या हवेतला दीड अंश पंख्यानेच परत घेतला, आणि खोलीचा लोड काढणाऱ्याच्या कागदावर त्याचा मागमूस नसतो.

हवेच्या कॉम्प्रेसरजवळ मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण इथे सहजबुद्धी फसते. दाबलेली हवा पुढे जाऊन काम करणार आहे, तेव्हा विजेचा बराच भाग हवेसोबत बाहेर गेला असणार, असे वाटते. प्रत्यक्षात हवा दाबताना घातलेले जवळजवळ सगळे काम तिथेच उष्णता बनते आणि कूलरमधून बाहेर टाकले जाते. निवून पाइपात गेलेल्या हवेची अंतर्गत ऊर्जा त्याच तापमानाच्या मोकळ्या हवेइतकीच असते. तिची काम करण्याची ताकद दाबात आहे, आणि काम करताना ती भोवतालची उष्णता ओढून घेते. म्हणूनच न्यूमॅटिक टूलमधून सुटणारी हवा गार लागते. ३७ किलोवॉटचा, हवेने थंड होणारा स्क्रू कॉम्प्रेसर बंद खोलीत ठेवला आणि त्याची गरम हवा डक्टने बाहेर काढली नाही, तर साधारण ३९ किलोवॉट उष्णता खोलीत येते. खोली बाहेरपेक्षा आठ अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल, तर तासाला सुमारे १५,००० घनमीटर हवा खेळवावी लागते. एक डक्ट बसवला की यातला फार मोठा भाग खोलीला शिवतही नाही. कॉम्प्रेसर रूममध्ये एसी बसवण्याचे प्रस्ताव पाहिले, की डक्टचा विचार आधी का झाला नाही, असे मनापासून वाटते.

या विषयाचा उगम शोधत गेलो, तर वाट तोफांच्या कारखान्यात पोहोचते. बव्हेरियाच्या सेवेत असलेल्या काउंट रम्फर्डने म्युनिकच्या शस्त्रागारात तोफेच्या नळीत बोथट अवजार घोड्याच्या बळावर फिरवले, भोवती पाण्याची पेटी बसवली, आणि सुमारे अडीच तासांत पाणी उकळले. १७९८ साली त्याने यावरचा निबंध रॉयल सोसायटीपुढे मांडला. चालक बाहेर, यंत्र आत, आणि कामाची उष्णता सीमेच्या आत मोजलेली: आजच्या तक्त्यातली दुसरी स्थिती तीच आहे.

जेम्स जूल तर या विषयाच्या आणखी जवळचा. सॅलफर्डच्या एका बिअर कारखानदाराच्या या मुलाला वाफेच्या इंजिनाऐवजी विजेची मोटर चालवणे परवडेल का, हे तपासायचे होते. त्या खटपटीतून १८४१ साली तारेतल्या उष्णतेचा त्याचा नियम आला, आणि पुढे पाण्यात वल्ही फिरवून काम आणि उष्णता यांचे प्रमाण त्याने बसवले. १८५० च्या त्याच्या निबंधात ते ७७२ फूट-पौंड आहे. आज आपण ७७८ घेतो. एका अश्वशक्तीला ताशी २५४५ बीटीयू हा आकडा हीट लोडच्या तक्त्यांत छापलेला असतो. तो या ७७८ मधूनच निघतो. तो पाठ असणारे पुष्कळ भेटतात, पण त्यामागे मोटर आणि उष्णता यांचाच शोध आहे हे फार थोड्यांना माहीत असते.

आपल्याकडे हा प्रश्न कापड गिरण्यांनी उभा केला. मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये गिरणीची कंपनी काढली, त्यानंतर अनेक दशके गिरण्या वाफेवर चालल्या. इंजिन वेगळ्या घरात असे आणि तिथून लांबलचक लाइनशाफ्ट आणि पट्टे खात्याखात्यांत शक्ती पोहोचवत. इंजिनाची ऊब बाहेर राहिली, तरी शाफ्टच्या शेकडो बेअरिंगांचे आणि पट्ट्यांचे घर्षण कामगारांच्या डोक्यावरच होई. टाटांच्या जलविद्युत योजनेतून लोणावळ्याच्या धरणांचे पाणी खोपोलीला उतरून १९१५ पासून गिरण्यांना वीज मिळू लागली, तेव्हा हा नकाशा बदलायला लागला. पुढे एकेका यंत्राला स्वतंत्र मोटर आली. लाइनशाफ्टचे घर्षण गेले आणि मोटरचे नुकसान आत आले. चात्यांवर आणि साच्यांवर होणारे काम मात्र आधीही साचेखात्याच्या हवेत मुरत होते आणि नंतरही मुरतच राहिले.

अमेरिकेत नेमक्या याच काळात वातानुकूलनाचे शास्त्र आकार घेत होते. विलिस कॅरियरने १९०२ साली ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी आर्द्रता आवरणारी यंत्रणा आखली. स्टुअर्ट क्रेमर या गिरण्यांच्या अभियंत्याने १९०६ मध्ये ‘एअर कंडिशनिंग’ हे नाव रूढ केले, आणि १९११ मध्ये कॅरियरने हवेतल्या उष्णता-आर्द्रतेची गणिती सूत्रे मांडली. छापखाना आणि सूतगिरणी, दोन्ही यंत्रांनी भरलेल्या जागा आहेत. माणसांच्या आरामासाठी थंडावा ही कल्पना नंतर मोठी झाली. या शास्त्राच्या पायाशी यंत्रे आणि मालच होते, आणि आज कार्यालये आणि मॉल यांच्या गणितात रमलेल्या पाठ्यपुस्तकांना हे आठवत नाही.

कापडाच्या अभियंत्यांनी या उष्णतेवर स्वतःचा तोडगा काढला. हवेत पाणी उडवायचे, म्हणजे सुताला हवी ती आर्द्रताही मिळते आणि उष्णताही शोषली जाते. एक किलोवॉटची उष्णता तासभर शोषायला साधारण दीड लिटर पाण्याचे बाष्प व्हावे लागते. अहमदाबादची अटिरा, मुंबईची बिट्रा, कोइम्बतूरची सिट्रा या संस्थांनी गिरण्यांच्या आर्द्रीकरणाबद्दल जे काम केले, त्याच्या मुळाशी यंत्रांतून येणाऱ्या उष्णतेचाच हिशेब आहे. इमारतींचे वातानुकूलन शिकणाऱ्यांपर्यंत ही परंपरा पोहोचलीच नाही. पुस्तकात तिला मुद्दाम मोठी जागा दिली आहे.

इमारतींच्या बाजूला हीट लोड काढण्याची घराणी बनत गेली. भारतात सर्वांत खोलवर रुजली ती कॅरियरची पद्धत. कंपनीची १९६५ ची हस्तपुस्तिका आणि ‘ई-२०’ नावाने ओळखला जाणारा एकपानी तक्ता अजून कित्येक सल्लागारांच्या कार्यालयांत रोज भरला जातो. एका पानावर सगळे मावते, हे त्याचे बळ. मोटरसाठी एकच ओळ असते, ही त्याची उणीव. १९५९ साली दोन जुन्या संस्थांच्या विलीनीकरणातून झालेल्या अश्रेने आपल्या हस्तपुस्तिकांतून तीन स्थितींची सूत्रे, वापर-गुणक आणि भार-गुणक (मोटरच्या क्षमतेपैकी प्रत्यक्षात वापरला जाणारा हिस्सा) यांची चौकट जगभर नेली. कालांतराने उष्णता भिंतींत, फरशीत साठून उशिरा बाहेर पडते हे मोजण्यासाठी ट्रान्सफर फंक्शन, सीएलटीडी आणि पुढे रेडियंट टाइम सिरीज अशा पद्धती त्यांनी आणल्या. ब्रिटिशांनी अ‍ॅडमिटन्स पद्धतीतून हाच विलंब वेगळ्या वाटेने हाताळला. आता एनर्जीप्लससारखे सॉफ्टवेअर तासातासाचे गणित करते.

हे सारे मोलाचे आहे. पण मोटरच्या उष्णतेपुरते बोलायचे, तर साठवणुकीच्या गणितात दोन-चार टक्के चुकण्यापेक्षा भार-गुणक चुकणे कितीतरी जास्त महागात पडते. तीन पाळ्यांत अखंड चालणाऱ्या सूतगिरणीत भिंती आणि फरशी केव्हाच तापून स्थिरावलेल्या असतात. तिथे आत आलेली उष्णता आणि बाहेर काढावी लागणारी उष्णता यांत फरक उरत नाही. सकाळी उघडून संध्याकाळी बंद होणाऱ्या वर्कशॉपमध्ये पहिले काही तास गार फरशी आणि बिडाची भरभक्कम यंत्रे थोडी उष्णता गिळतात. विलंब तिथे मोजावा, आणि पुस्तकातही तो तिथेच मोजला आहे.

एक चौथी परंपरा विद्युत अभियंत्यांची. वीजनिर्मिती केंद्रांतल्या स्विचगिअर, केबल, ट्रान्सफॉर्मर, मोटरी यांतून किती उष्णता सुटते याचे तक्ते १९७९ साली रुबिन यांच्या निबंधातून समोर आले आणि पुढची वर्षानुवर्षे तेच वापरले गेले. उपकरणे बदलली, त्यांचे नुकसान घटले, तरी आकडे जुनेच राहिले. म्हणून अश्रेच्या प्रकल्पात कॅन्सस स्टेट विद्यापीठात औद्योगिक विद्युत उपकरणांच्या उष्णतेचा नव्याने अभ्यास झाला. त्यातून घेण्याजोगा धडा असा की छापील आकड्याला वय असते, आणि तो कोणत्या काळच्या उपकरणाचा आहे हे विचारल्याशिवाय तो उचलू नये.

भार-गुणकाबद्दल आता सविस्तर बोलले पाहिजे, कारण प्रत्यक्षातल्या बहुतेक चुका इथे होतात. मोटर निवडणारा माणूस सुरक्षिततेसाठी एक माप मोठी घेतो. यंत्र बनवणाऱ्याने त्याआधीच एक माप मोठी सुचवलेली असते. परिणामी १५ किलोवॉटच्या मोटरवर ७ किलोवॉटचे काम चाललेले आढळते. नेमप्लेटांची बेरीज करणारा याच्या दुप्पट लोड धरतो आणि त्यावर सुरक्षिततेसाठी स्वतःचा पाव हिस्सा आणखी चढवतो. एवढ्या जादा टनांचा चिलर मग वर्षभर अर्ध्या भारावर चालतो, खर्च वाढवतो आणि आर्द्रताही नीट आवरत नाही.

हे टाळायला पुष्कळ जण क्लॅम्प मीटर लावतात, आणि तिथे दुसरी चूक होते. इंडक्शन मोटर रिकामी फिरत असतानाही पूर्ण भाराच्या ३० ते ५० टक्के प्रवाह घेते. हा प्रवाह मुख्यतः चुंबकीय क्षेत्रासाठी असतो, पॉवर फॅक्टर पडलेला असतो आणि खरी शक्ती अगदी थोडी असते. अँपिअर चाळीस टक्के दिसले म्हणून उष्णताही चाळीस टक्के लिहिली, तर उत्तर कितीतरी फुगते. शक्तीच मोजायची, तर वॉटमीटर हवा. त्याहूनही सोपे साधन बहुतेक ठिकाणी भिंतीवर लावलेलेच असते. खोलीला वीज देणाऱ्या फीडरवर युनिट मोजणारा मीटर असेल, तर पाळीच्या सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा टिपावा, त्यांतला फरक तासांनी भागावा. मोटरची कार्यक्षमता, भार, बेअरिंग, पट्टे, दिवे सगळे त्यात आपोआप आले. त्यातून मालासोबत, पाण्यासोबत किंवा डक्टमधून बाहेर जाणारा हिस्सा वजा केला, की खोलीची सरासरी उष्णता हातात येते. शिखराचा क्षण पाहायचा, तर कमाल मागणीचा आकडा जोडीला घ्यावा. चालू कारखान्यासाठी यापेक्षा भरवशाची पद्धत आमच्या माहितीत नाही. तक्ते आणि गुणक लागतात ते कारखाना अजून कागदावर असताना.

छोट्या मोटरींकडे दुर्लक्ष होते तेही इथेच सांगायला हवे. मोठ्या मोटरची कार्यक्षमता ९५ टक्क्यांच्याही वर जाते. अगदी लहान शेडेड पोल मोटरची जेमतेम एक तृतीयांश असते. शीतगृहात किंवा प्रयोगशाळेत अशा पंचवीस-तीस मोटरी एका हवेत बसवल्या, की शाफ्टवरच्या शक्तीवरून काढलेला लोड तिपटीने चुकतो. घरातल्या छताच्या पंख्याचेही तेच. जुना ७५ वॉटचा पंखा बंद खोलीला ७५ वॉट उष्णताच देतो, गारवा वाटतो तो अंगावरून वारा वाहतो म्हणून. त्याच्या जागी ३० वॉटचा बीएलडीसी पंखा आला, तर विजेसोबत खोलीतली उष्णताही तेवढीच उतरते.

हा विषय आजच का हाती घ्यावा, याची कारणे जवळची आहेत. जगातल्या एकूण विजेपैकी सुमारे ४५ टक्के वीज मोटरींवर चालणाऱ्या यंत्रणांत जाते, असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०११ च्या अभ्यासाचा अंदाज आहे. यातली बरीच ऊर्जा कुठल्या ना कुठल्या छताखाली उष्णता होऊन संपते. भारताच्या २०१९ च्या कूलिंग अ‍ॅक्शन प्लॅनने २०३७-३८ पर्यंत थंडाव्याची मागणी २० ते २५ टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवले. मागणी कमी करायची, तर उष्णता आत येण्याआधीच अडवली पाहिजे, आणि यंत्राच्या खोलीत तसे करायला पुष्कळ वाव असतो.

कार्यक्षम मोटरी हा त्यातला एक मार्ग आहे, पण तोही डोळे उघडे ठेवून. साडेसात किलोवॉटची आयई१ मोटर काढून आयई४ बसवली, तर पूर्ण भारावर सुमारे ०.६ किलोवॉट वीज वाचते आणि तेवढीच उष्णता खोलीतून कमी होते. मात्र नव्या मोटरची स्लिप कमी असते, ती थोडी वेगाने फिरते. १४४० ऐवजी १४७० फेऱ्या झाल्या, तर पंख्याची शक्ती वेगाच्या घनाने वाढत असल्याने काम सहा टक्क्यांनी वाढते आणि बचतीचा मोठा हिस्सा तिथेच खर्ची पडतो. पुली बदलली किंवा व्हीएफडीने वेग जुळवला, तरच हिशेब जमतो. व्हीएफडीचे स्वतःचे नुकसानही असते, आणि त्याचे पॅनेल कुठे ठेवले त्यावर ती उष्णता कोणाच्या माथी हे ठरते.

आणखी एक कारण आम्हाला सर्वांत जवळचे वाटते. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी या गावांत पत्र्याखाली यंत्रमाग चालतात. एका शेडमध्ये २४ माग, प्रत्येकाला एक अश्वशक्तीची मोटर, सरासरी ६० टक्के भार आणि ७५ टक्के कार्यक्षमता धरली, तर यंत्रांतून चौदा किलोवॉटहून थोडी जास्त उष्णता येते. त्या एका शेडमध्ये हजार वॉटचे चौदा हीटर लावावेत, तेवढी ती आहे. बाहेरपेक्षा पाच अंशांहून जास्त तापू द्यायचे नसेल, तर या उष्णतेपुरतीच तासाला साडेआठ हजार घनमीटरच्या वर हवा बदलावी लागते. पत्र्याची ऊब वेगळी. १९४८ च्या कारखाना कायद्याने वायुवीजन आणि तापमानाची जबाबदारी मालकावर टाकली होती, पण किती हवा लागेल हा आकडा काढून देणारे कोणी शेडपर्यंत गेले नाही. एप्रिल-मेच्या दुपारी तिथे उभ्या असलेल्या माणसाला या गणिताचा अर्थ कोणत्याही सल्लागारापेक्षा जास्त कळतो. त्याच्या हाती आकडा द्यावा, एक्झॉस्ट पंखा किती मोठा आणि कुठे लावायचा हे त्याला स्वतः ठरवता यावे, ही या पुस्तकामागची मोठी इच्छा आहे.

म्हणून हे पुस्तक पदविकेच्या विद्यार्थ्यांसाठी, देखभाल विभागातल्या लोकांसाठी, वातानुकूलनाच्या ठेकेदारांसाठी आणि सल्लागारांकडे नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींसाठी लिहिले आहे. विद्युतशास्त्र आणि उष्णतेचे शालेय ज्ञान पुरेसे आहे. कॅलक्युलसची गरज पडत नाही. मापे किलोवॉट आणि घनमीटरांत ठेवली आहेत. व्यवहारात टन, बीटीयू आणि अश्वशक्ती सुटलेली नाही, म्हणून उत्तरे त्यांतही दिली आहेत. शब्द वर्कशॉपमध्ये बोलले जातात तेच ठेवले आहेत.

ऊन, काचा, माणसे आणि दिवे यांचा लोड इथे नाही. त्यावर चांगली पुस्तके आहेत. ट्रान्सफॉर्मर आणि पॅनेलच्या खोल्यांना जरुरीपुरता स्पर्श केला आहे. उरलेली सगळी जागा यंत्रांना दिली आहे, आणि प्रत्येक यंत्रासाठी तेच तीन प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले आहेत: वीज कुठे आत येते, काम कुठे संपते आणि माल, पाणी किंवा हवा यांच्यासोबत काय बाहेर जाते. सोडवलेल्या उदाहरणांत गृहीत धरलेला प्रत्येक आकडा गृहीत म्हणूनच लिहिला आहे, म्हणजे वाचकाला आपल्या जागेवर मोजलेला आकडा तिथे घालून गणित पुन्हा करता येईल.

शेवटी कोरे तक्ते जोडले आहेत. त्यांत फीडर मीटरचे दोन आकडे, त्यांमधला वेळ, खोलीचे आणि बाहेरचे तापमान, आणि त्या वेळात बाहेर गेलेल्या मालाचे वजन लिहायला रकाने आहेत. शक्य असेल त्याने पहिला विभाग वाचण्याआधीच आपल्या एका खोलीची एका पाळीची नोंद भरून ठेवावी. पुस्तकातले पहिले गणित त्या नोंदीवरच सोडवायचे आहे.